मला येत नाही

गेल्या मार्च महिन्यात मी गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर, वाळूत पालथा पडलो होतो. छातीखाली नऊ फुटांची मऊ फळी, उजव्या घोट्याला त्या फळीची दोरी बांधलेली आणि वय वर्षं छप्पन्न. माझ्या लेकीहूनही लहान असलेला एक मुलगा मला शिकवत होता. तो म्हणाला, "अंकल, अजून पाण्यात जायचं नाही. आधी वाळूतच हात मारायचे." मी वाळूत हात मारू लागलो. दोन-चार पर्यटक थांबून बघत होते. एक चिमुरडी आईला विचारत होती, "हे आजोबा कुठं चाललेत?"

प्रश्न रास्त होता. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहण्याचा जो खेळ आहे, ज्याला सगळीकडे सर्फिंगच म्हणतात, तो शिकायला मी निघालो होतो. या वयात का, हे आज सांगणार आहे. त्यासाठी आधी माझ्या गावाकडे जावं लागेल.

मी लोणी काळभोरचा. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं सतरा-अठरा किलोमीटरवर आमचं गाव. तेल कंपन्यांचे डेपो, टँकरच्या रांगा, कालवा, ऊस आणि डोंगराच्या कुशीतलं रामदरा, एवढी आमची ओळख. वडील टँकरवर ड्रायव्हर होते. समुद्र आमच्याकडे दोनच ठिकाणी होता. एक शाळेच्या नकाशात आणि दुसरा, पुढं मी लिहू लागल्यावर, माझ्या कवितांत. एका मित्रानं माझ्या पहिल्या संग्रहातले समुद्र मोजले होते. सतरा निघाले. प्रत्यक्षात मात्र मी पस्तीस वर्षं समुद्राच्या पाण्यात घोट्याच्या वर गेलो नव्हतो.

मला पोहता येत नव्हतं असं नाही. आमच्या पिढीतल्या लोणीच्या बहुतेक पोरांना पोहता यायचं. मला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे माझ्या वर्गमित्राचे वडील, कालव्याकाठचे शेतकरी. त्यांच्या मळ्यात दगडी बांधणीची विहीर होती. उन्हाळ्यातही तीन-चार परस पाणी. मे महिन्याच्या सुट्टीत आळीतली सगळी पोरं तात्या तिथं न्यायचे. कुणाच्या कमरेला वाळका भोपळा, कुणाच्या पाठीला तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा, तर माझ्यासाठी वडिलांनी आणलेली टँकरची जुनी ट्यूब. दोराचं एक टोक आमच्या कमरेला, दुसरं तात्यांच्या हातात.

तात्यांची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी ते हातपाय मारू द्यायचे नाहीत. "आधी पाण्यावर उताणं पडायला शीक," म्हणायचे. "कान बुडू दे. पोट वर. आभाळ बघ. पाणी तुला धरतंय का नाही ते बघ." ते जमलं की मग दुसरा धडा. पण आम्हा पोरांना उताणं पडण्याची लाज वाटायची. ते नवशिक्यांचं काम. चार दिवसांत सूर मारता यायला लागला, मुटका मारून वरच्या बायाबापड्यांवर पाणी उडवता यायला लागलं, की उताणं पडणारा कोण? पुन्हा मी कधी पाण्यावर उताणा पडलो नाही. आमच्यापैकी कुणीच पडलं नाही.

तात्यांचा मुलगा माझा जिवलग. नाव सांगत नाही, तो या गोष्टीत फक्त 'मित्र' आहे. त्यानं मला दुसरीही एक गोष्ट शिकवली. आमच्या घरी दखनी बोलली जायची. दखनीत 'पानी' असतं. पहिलीत बाईंनी मला उभं करून धडा वाचायला लावला आणि मी 'पानी' म्हणालो. सगळा वर्ग हसला. त्यानंतर कित्येक दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही. हा पोरगा मात्र हसला नाही. विहिरीच्या पायरीवर बसून, पाय पाण्यात सोडून, तो मला म्हणायला लावायचा, "पाणी म्हण. जीभ वर लाव. पाणी." आज मी मराठीत जे काही लिहितो, त्यातला पहिला 'ण' त्याचा आहे.

विहिरीनंतर आम्ही कालव्यात पोहू लागलो. खडकवासल्याहून पाण्याचं आवर्तन सुटलं की मुठेचा उजवा कालवा लोणीतून भरून वाहायचा. खाली पार इंदापूर तालुक्यापर्यंत ते पाणी जातं. त्या वाहत्या पाण्याच्या उलट पोहण्याच्या आम्ही पैजा लावायचो. मित्र नेहमी जिंकायचा. आमच्या आईचा जीव वरखाली व्हायचा. "पानी से मस्ती नक्को," ती म्हणायची. आम्ही हसायचो. पाणी आमच्या ओळखीचं होतं.

साल १९८९. आम्ही हडपसरला कॉलेजात होतो, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत सहा जण जीप करून रायगड जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या गावाचा नव्हता. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरांनो, पाण्याची माहिती आहे का?" आम्ही म्हणालो, "आम्हाला पोहता येतं."

समोर लाटा फुटत होत्या. पांढऱ्या फेसाची रांगच्या रांग. पण एका बाजूला, खडकापासून जरा अलीकडे, पंधरावीस हात रुंदीची एक जागा होती. तिथं लाट फुटतच नव्हती. पाणी थोडं गडद, वर बारीक सुरकुत्या, बाकी शांत. मीच बोट दाखवलं. म्हणालो, "तिकडं फेसात कशाला? इथं उतरू. कसं विहिरीसारखं आहे बघ."

आम्ही दोघं उतरलो. माझ्या छातीला पाणी लागलं तेव्हा पायाखालची वाळू सरकतेय असं वाटून मी थांबलो. तो दहा-वीस हात पुढे गेला. मग बघता बघता पन्नास. मग तो वळला आणि परत पोहू लागला. त्याचे हात मला दिसत होते. सुंदर पोहत होता. कालव्यात उलटा पोहायचा तसा, मान खाली घालून, जोर लावून. पण जवळ येत नव्हता. मला वाटलं, गंमत करतोय. मी हसलोसुद्धा. नंतर हात दिसेनासे झाले. संध्याकाळी कोळ्यांच्या होडीनं त्याला आणलं.

गावात नाना तर्क झाले. कुणी म्हणालं, पायात गोळा आला. कुणी म्हणालं, समुद्रानं ओढून तळाला नेलं. कुणी म्हणालं, पोरं काहीबाही प्यायली असणार. आम्ही चहाशिवाय काही प्यालो नव्हतो. तात्या कुणाला काही बोलले नाहीत. दहाव्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "माझ्या शिकवण्यातच कायतरी कमी राहिलं." पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. नंतर त्यांनी कुणाच्या पोराला पोहायला शिकवलं नाही. आणि जागा मी दाखवली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

आता गोव्याकडे येतो. माझी धाकटी मुलगी पणजीला नोकरी करते. दीड वर्षापूर्वी तिनं फोनवर सांगितलं, "अब्बा, मी सर्फिंग शिकते." माझ्या हातून फोन पडायचा बाकी होता. मी रागावलो, समजावलं, आईकडून सांगून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही एकदा येऊन बघा. माझ्याबरोबर शिका. मग नको म्हणा, मी सोडून देईन." तिला वाटलं होतं मी येणार नाही. मी गेलो. शिकायला नव्हे, तिला थांबवायला.

जाण्याआधी, कवी असलो तरी बी.ए. झालेला माणूस म्हणून, थोडं वाचून गेलो. हा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा, त्यातही हवाईचा. अठराव्या शतकात कॅप्टन कुकच्या जहाजांवरचे लोक तिथं पोचले तेव्हा फळ्यांवर बसून लाटांवरून येणारी माणसं पाहून थक्क झाले होते. हवाईचा ड्यूक काहानामोकू यानं १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं आणि पुढं हा खेळ अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात नेला. त्याची एक गोष्ट मला फार आवडली. १९२५ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक बोट उलटली. ड्यूक आपली फळी घेऊन त्या खवळलेल्या पाण्यात पुन्हापुन्हा गेला आणि त्यानं एकट्यानं आठ माणसं वाचवली. पदकांहून ही गोष्ट मोठी वाटते मला. आपल्याकडे २००४ साली मंगळूरजवळच्या मुल्कीला या खेळाचा पहिला क्लब निघाला. २०११ मध्ये देशाची संघटना झाली. मुंबईत वाढलेली इशिता मालवीय हा खेळ शिकली आणि उडुपीजवळच्या कोडी बेंग्रेला तो शिकवू लागली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आला.

एवढं वाचून मी किनाऱ्यावर उभा राहिलो. शिकवणारा मुलगा मंगळूरकडच्या मासेमारी करणाऱ्या घरातला. कोकणी, हिंदी, इंग्रजी असं मिसळून बोलायचा. त्याचा पहिला प्रश्न होता, "पोहता येतं?"

पस्तीस वर्षांपूर्वीचा प्रश्न. उत्तर तोंडावर होतं. पण का कोण जाणे, मी म्हणालो, "विहिरीत येतं. इथं येत नाही."

तो एकदम खूश झाला. म्हणाला, "अंकल, सगळे जर एवढं खरं बोलले तर माझं काम अर्धं होईल." मी त्याला म्हटलं, "मग मला अंकल म्हणू नका, मी तुम्हाला सर म्हणतो." तो लाजला, पण अंकल म्हणायचं काही त्यानं सोडलं नाही.

पहिला अर्धा तास त्यानं आम्हाला फळीला हातही लावू दिला नाही. नुसतं समुद्राकडे बघायला लावलं. लाटा मोजायला लावल्या. लाटा एकसारख्या येत नाहीत, टोळीनं येतात. चार-पाच मोठ्या, मग थोडी उसंत, मग पुन्हा मोठ्या. दूर कुठंतरी वारं सुटतं, तिथं त्या उठतात. आपल्या किनाऱ्याला लागणाऱ्या काही लाटा तर थेट दक्षिण महासागरातल्या वादळांतून निघालेल्या असतात. आणि गंमत म्हणजे एवढा प्रवास लाट करते, पाणी करत नाही. ज्वारीचं उभं पीक वाऱ्यानं हलतं तेव्हा शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला एक लाट जाताना दिसते. पण ताट आपल्या जागीच असतं. खोल पाण्यात तसंच. लाट उथळ जागी आली की तिचा पाय तळाला अडतो, डोकं पुढं झुकतं आणि ती फुटते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटायला लागते. म्हणजे फेस दिसला तर समजावं, तिथं उथळ आहे.

मग त्यानं भरती-ओहोटी सांगितली. इथं मला थोडं बोलता आलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, कारण चंद्र उशिरा उगवतो. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं. ईदचा चंद्र अमावास्येनंतर दिसतो. म्हणजे ज्या दिवशी आमची पोरं नवे कपडे घालून, सुट्टी म्हणून समुद्रावर जातात, तेव्हा समुद्राला उधाण असतं. इतकी वर्षं चांदरातीला मी आकाशाकडे बघत आलो, पण तोच चंद्र खाली काय करतो ते कधी मनात आलं नव्हतं.

आणि मग त्या मुलानं खडकाच्या बाजूला बोट केलं. "अंकल, तिथं काय दिसतं?"

मी पाहिलं. दोन्हीकडे फेस आणि मध्ये पंधरावीस हातांचा एक पट्टा. लाट फुटत नाही. पाणी गडद. वर बारीक सुरकुत्या.

"शांत आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"सगळ्यांना तसंच वाटतं," तो म्हणाला. "नवीन माणूस बरोबर तिथंच उतरतो. पण ती नदी आहे. लाटा जेवढं पाणी किनाऱ्यावर आणतात, ते परत कुठून जाणार? खोलगट जागा शोधून तिथून जातं. तिथं खोल आहे म्हणूनच लाट फुटत नाही."

मी वाळूत बसलो. लेकीला वाटलं, ऊन लागलं. तिनं पाणी दिलं.

तो मुलगा सांगत राहिला आणि मी ऐकत राहिलो. या परतीच्या प्रवाहाचा वेग सहसा सेकंदाला एक-दोन फूट असतो, पण कधीकधी तो आठ फुटांपर्यंत जातो. त्या वेगापुढं ऑलिंपिकमधला पोहणाराही टिकायचा नाही. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, फक्त आत नेतो. लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे गेला की त्याचा जोर ओसरतो. माणूस मरतो तो प्रवाहानं नाही, प्रवाहाच्या उलट पोहून थकल्यानं. ज्याला पोहता येतं तो किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून पोहतो. करायचं असतं ते वेगळंच. आधी घाबरायचं नाही. उताणं पडून तरंगायचं, श्वास सांभाळायचा, हात वर करून मदत मागायची. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्याबाहेर यायचं आणि मग फेसाच्या बाजूनं, लाटांच्या मदतीनं परतायचं.

उताणं पडायचं. कान बुडू द्यायचे. आभाळ बघायचं.

त्या दिवशी मी पाण्यात गेलो नाही. रात्री लेकीला सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अब्बा, उद्या या. त्या नदीपासून लांब, कमरेएवढ्या पाण्यात. मी शेजारी असेन."

दुसऱ्या दिवशी गेलो. आता नवशिक्याचे हाल सांगतो, कारण तेही सांगण्यासारखे आहेत. आधी वाळूत पन्नास वेळा उठबस. पालथं पडायचं, दोन्ही तळहात छातीशी टेकवून अंग उचलायचं आणि एका दमात पाय खाली घ्यायचे. डावा पुढं, उजवा मागं, गुडघे वाकलेले, नजर पायाकडे नाही तर समोर. माझा एक दम म्हणजे तीन टप्पे. आधी गुडघे, मग एक हात, मग "या अल्ला". पाण्यात गेल्यावर आणखी नियम. फळी स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये धरायची नाही, नाहीतर लाट ती तुमच्याच छातीवर आणून आदळते. पडायचं तर सपाट पडायचं, डोक्यावर सूर मारायचा नाही, कारण खाली पाणी कमरेएवढंच आहे. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, फळी कुठं आहे ठाऊक नसतं. माझा लहानपणीचा सूर, ज्याचा मला एवढा गर्व, तो इथं मान मोडायला पुरला असता.

मी पडलो. मोजणं सोडून दिलं इतक्या वेळा पडलो. नाकात खारं पाणी, डोळ्यांत वाळू. शेजारी आठ-दहा वर्षांची दोन पोरं शिकत होती. ती माझ्या प्रत्येक पडण्याला खदाखदा हसत होती. पहिल्या दोन-तीन वेळा मला तो जुना वर्ग आठवला, 'पानी' म्हटल्यावर हसलेला. मग लक्षात आलं, ती पोरं स्वतः पडली तरी तेवढीच हसतात. मीही हसू लागलो. त्यानंतर पडणं सोपं झालं.

मधल्या विसाव्यात मी फळी सोडून, दोरी घोट्याला तशीच ठेवून, पाण्यावर उताणा झालो. चौरेचाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. कान बुडाले. पोरांचा आवाज बंद झाला. वर आभाळ. खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जड असतं, ते माणसाला अधिक सहज धरतं. पाणी धरतंय का नाही ते बघ, तात्या म्हणायचे. धरत होतं.

तिसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. शिकवणाऱ्या मुलानं मागून फळी ढकलली, ओरडला, "उठा!" आणि मी उठलो. लेकीनं मोजलं, चार सेकंद. माझ्या हिशेबानं जास्त होते, पण तिचं खरं धरू. तिला मी सर्फिंग सोड म्हणालो नाही. उलट म्हणालो, तू शीक, आणि तो समुद्राकडे बघण्याचा पहिला अर्धा तास कधी चुकवू नकोस.

मित्रहो, आम्ही घाटावरची माणसं. विहीर, कालवा, तळं, एवढंच आमचं पाणी. तेवढ्या जोरावर आम्ही समुद्रावर जातो. २०१६ साली १ फेब्रुवारीला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजातले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी पुण्यातल्या किती घरांत चूल पेटली नाही, ते मी जवळून पाहिलं आहे. दरवर्षी सुट्ट्यांत कोकणातून, गोव्यातून अशा बातम्या येतात. दरवेळी आपण म्हणतो, 'पोहता येत नसताना गेले कशाला?' पण काही जणांना पोहता येत असतं, तेही जातात. 'मला येतं' या दोन शब्दांवर विसंबून जातात.

गोव्याहून परतलो तो दुसऱ्या दिवशी तात्यांकडे गेलो. तात्या आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. मळा उरला नाही, विहीर बुजवून वर इमारत झाली, तिथं गाड्या उभ्या असतात. तात्या अंगणात खाटेवर बसलेले. मी म्हणालो, "तात्या, मी समुद्रात जाऊन आलो." त्यांनी नुसतं बघितलं. मी त्यांच्या शेजारचा तांब्या उचलला आणि शहाबादी फरशीवर, उताराच्या उलट दिशेनं, पाणी फेकलं. पाणी वर गेलं, थबकलं आणि दोन फरशांमधल्या सांदीतून भराभरा खाली आलं. "ती सांद बघा," मी म्हणालो. "आम्ही त्या सांदीत उतरलो होतो."

मग सगळं सांगितलं. तात्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे तो पोहायला चुकला नाही?"

"नाही तात्या. फार चांगला पोहत होता. फक्त तिथं पोहायचं नव्हतं. उताणं पडून राहायचं होतं."

तात्या बराच वेळ त्या ओल्या सांदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते तर पहिल्या दिवशीच शिकवलं होतं."

"हो," मी म्हणालो. "आम्हीच विसरलो." आणि मग जे पस्तीस वर्षं सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "तात्या, ती जागा मी दाखवली होती. विहिरीसारखं आहे, असं म्हणालो होतो."

त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, खाली ठेवला. म्हणाले, "मला तरी दुसरं काय दिसलं असतं? मीपण जल्मभर विहीरच बघितली."

आणखी काही बोलले नाहीत. मी निघालो तेव्हा मागून हाक मारली, "पोरांना सांग रे हे."

म्हणून आज सांगितलं. समुद्रावर जरूर जा. पण पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास नुसतं बघा. जिथं लाट फुटत नाही ती जागा सुरक्षित समजू नका. जिथं जीवरक्षक आहेत तिथं लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. लाल झेंडा असेल तर उतरूच नका. जीवरक्षक नसेल तर जाळं विणत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. आणि त्यानं विचारलं, "पोरांनो, पाण्याची माहिती आहे का?", तर न लाजता सांगा, "नाही. आम्हाला येत नाही."